कालव्याच्या पुलापर्यंत आणि परत

"ॲम्ब्युलन्स कुठून काढणार?"

आईनं हे विचारलं तेव्हा माझ्या तोंडात भाकरी-चटणीचा घास होता आणि ताटापुढं आमचं अख्खं गाव पसरलं होतं. भाकरीचा लांब तुकडा म्हणजे गावातून जाणारा हायवे. मिठाची वाटी म्हणजे वेशीचा चौक. पाण्याचा तांब्या म्हणजे कालव्याचा पूल. आणि कांद्याच्या फोडी म्हणजे बॅरिकेड.

"कुठली ॲम्ब्युलन्स?"

"तुझी शर्यत चालू आहे. रस्ता तू बंद केलायस. वरच्या आळीत कुणाच्या तरी छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स कुठून काढणार?"

"हायवेनंच. आम्ही बाजूला होऊ."

"वाऱ्यावर सुटलेल्या वीस पोरी, आणि त्या बाजूला होणार." आईनं एक कांद्याची फोड उचलली आणि सरळ खाऊन टाकली. "हे बॅरिकेड गेलं. आता नीट विचार करून बोल."

माझी आई पोलीस हवालदार. शैलजा कोळेकर, वाहतूक. गावात गणपती असो, उरूस असो, कुणाची जयंती असो, रस्ता बंद करायला चौकात उभी असते ती आई. आमच्या घरचा गणपती दरवर्षी शेजारच्या काकू बसवतात, कारण आई दुसऱ्यांचे गणपती पुढं सरकवत असते. दसऱ्याचं सोनं मी तिला चौकात जाऊन देते, तेही हिरवा सिग्नल लागल्यावर.

मी तेव्हा नववीत होते. आता बारावीत आहे आणि कुणाशीही बोलायला घाबरत नाही, हे माझ्या वर्गातला बाकसुद्धा सांगेल. पण तेव्हा मी नुकतीच कुठं तोंड उघडायला लागले होते, आणि नवीन नवीन उघडलेलं तोंड लवकर मिटत नाही.

सुरुवात झाली ती बापू शेंडग्यांच्या हसण्यावरनं. बापू म्हणजे जत्रा कमिटीचे अध्यक्ष. जत्रेत दरवर्षी मुलांची सायकल शर्यत होते, वेशीच्या चौकातून कालव्याच्या पुलापर्यंत आणि परत. मी आणि माझी मैत्रीण शिफा मुजावर त्यांच्याकडं गेलो आणि म्हटलं, आम्हालाही भाग घ्यायचाय. शाळेतल्या वाडीवस्तीवरच्या मुलींना योजनेतून निळ्या सायकली मिळालेल्या. रोज चार-पाच किलोमीटर दामटायचो आम्ही. गावातल्या मुलांचं काय, ती बुलेटवर मागं बसून मोठी झालेली.

"पोरींनो, तुम्ही शाळेच्या ग्राउंडवर गोल गोल फिरा," बापू म्हणाले. "हंगाम चालू आहे. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात."

"मुलांच्या वेळी नसतात?" मी विचारलं.

"मुलांच्या वेळी रस्ता बंद करतो की."

"मग आमच्याही वेळी करा."

"तुमच्यासाठी?" बापूंनी शेजारच्या दोघांकडं बघितलं. "तुमच्यासाठी रस्ता बंद करायचा?" आणि ते असे हसले की वरची कवळी खाली आली. ती त्यांनी अंगठ्यानं परत बसवली आणि पुन्हा हसले.

बाहेर आल्यावर शिफा म्हणाली, "जाऊ दे गं."

मी म्हटलं, "जाऊ देणार नाही. जत्रा यांची असेल, रस्ता काय यांच्या पणजोबांनी हुंड्यात आणलाय?"

तर अशी मी त्या रात्रीच्या ताटापर्यंत पोचले होते. आई मला पाठिंबा देत होती की माझी टर उडवत होती, हेच कळत नव्हतं.

"ॲम्ब्युलन्स तालमीमागच्या बोळातनं," मी म्हटलं. "तिथं आमची एक मुलगी उभी करते. दुचाक्या लावू देणार नाही."

"एसटी?"

"बाजार पटांगणाला वळसा."

"ट्रॅक्टर? दोन-दोन ट्रॉल्या असतात. पटांगणाच्या वळणावर बसणार नाहीत ते."

आईनं तांब्या उचलला, पाणी प्यायली आणि तांब्या परत पुलाच्या जागी ठेवला. "कारखान्याच्या गेटावर आधीच सांगायचं. तासभर सोडू नका म्हणावं. सांगितलं की थांबतात, अडवलं की भांडतात. आणि मयत आली तर?"

"म्हणजे?"

"स्मशान कुठाय?"

कालव्यापलीकडं. भाकरीच्या तुकड्याच्या पार टोकाला. मरणाचा तर मी विचारच केला नव्हता.

"माणूस मरताना तुझ्या शर्यतीची तारीख बघत नाही," आई म्हणाली. "प्रांजल, रस्ता बंद करणं म्हणजे दोरी बांधणं नव्हे. ज्याचा रस्ता अडवतेस त्याला दुसरा रस्ता दाखवायचा. तो नसला तर आपण अडवायचा नाही."

मी त्या तुकड्याच्या टोकावर बोट ठेवलं. मग म्हटलं, "मयत आली तर शर्यत थांबणार. सगळ्या सायकलवरनं उतरून कडेला उभ्या राहणार. मयतीपुढं शर्यत नाही."

आईनं तो हायवे माझ्या ताटात टाकला. "खा आता. गार झाला."

पोलीस ठाण्यात दळवी साहेबांनी मला अगदी तेच प्रश्न विचारले. ॲम्ब्युलन्स, एसटी, ट्रॅक्टर, मयत. मी वहीच्या पानावर काढलेला नकाशा पुढं सरकवला आणि धडाधड उत्तरं दिली. शिफा माझ्या मागं उभी राहून माझी ओढणी घट्ट धरून होती, म्हणजे पळायची वेळ आली तर दोघी एकदम. आमच्या पीटीच्या बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. आई दाराशी सावधान उभी.

"कोळेकर, ही तुमचीच ना?" साहेबांनी विचारलं.

"ड्युटीवर माझं कुणी नाही, साहेब."

साहेब हसले. "बाळ, गावातली मोठी मोठी माणसं परवानगी मागायला येतात, पण मयतीचं उत्तर घेऊन कुणी येत नाही. रविवारी सकाळी घ्या तुमची शर्यत."

बाहेर येऊन मी आणि शिफानं ठाण्याच्या आवारातच फुगडी घातली. एका जप्त केलेल्या रिक्षाला धडकलो, पण घातली. पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. कारखान्याच्या गेटावर आम्ही स्वतः जाऊन सांगून आलो. अंकिता पाटोळेनं सगळ्यांच्या पाठीवर लावायला नंबर शिवले. ती सगळ्यात वेगवान होती आणि तिनं आधीच जाहीर केलं होतं, "दुसरं कोण येणार एवढंच ठरायचंय." बापूंच्या घरावरनं जाताना आम्ही मुद्दाम घंट्या वाजवायचो. आणि मी ठरवून टाकलं होतं की त्या दिवशी रस्त्याच्या बरोब्बर मधनं सायकल चालवायची. पांढऱ्या पट्ट्यावरनं. रोज आम्ही कडेच्या मातीतनं जायचो, मागून गाण्यांचा दणका लावत ट्रॅक्टर आला की खड्ड्यात उतरायचो. शिफाचा कोपर असाच फुटला होता. मला एकदा तरी तो मधला पट्टा पाहिजे होता.

शनिवारी संध्याकाळी आई घरी आली, टोपी खुंटीला लावली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "उद्याची शर्यत रद्द."

"का?"

"मंत्री येतायत. कारखान्याच्या नव्या युनिटचं उद्घाटन. ताफा गावातनं जाणार."

"किती वाजता?"

"सकाळी. तुमच्याच वेळेला."

"म्हणजे रस्ता बंदच असणार?"

"हो."

"ट्रॅक्टर?"

"गेटावर थांबवणार."

"आणि एसटी?"

आई माझ्याकडं बघेना. "पटांगणाला वळसा."

"माझाच नकाशा! आई, माझाच नकाशा वापरलाय त्यांनी!"

"साहेबांना तयार मिळाला. वेळ कमी होता."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? ऑर्डर आहे."

"एकदा तरी बोलायचं ना! ही माझ्या मुलीची शर्यत आहे म्हणून! तुझं आपलं सगळ्यांसाठी आहे. मंत्र्यासाठी रस्ता बंद, बापूसाठी बंद, कुणाच्याही घोड्यावरच्या नवऱ्यासाठी बंद. मी काय मागितलं होतं? सायकली पुलापर्यंत जाऊन येईपर्यंत!"

"प्रांजल, आवाज."

"वाजव तू शिट्टी! जन्मभर दुसऱ्यांचीच वरात पुढं घाल!"

आई आत गेली. बऱ्याच वेळानं इस्त्रीचा वास आला. ती उद्याचा युनिफॉर्म इस्त्री करत होती, एका बाहीवर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत. ती बाही केव्हाच सरळ झाली होती.

सकाळी अख्खी शाळा वेशीच्या चौकात. शर्यतीसाठी नव्हे, मंत्र्यांवर फुलं टाकायला. प्रत्येकाच्या हातात झेंडूच्या पाकळ्यांची कागदी पिशवी. पण आम्ही सगळ्या मुली सायकली घेऊन आलो होतो, पाठीवर नंबर लावून. पीटीच्या बाई म्हणाल्या, "अगं, नंबर तरी काढा!" अंकिता म्हणाली, "बाई, टाके पक्के घातलेत, शर्ट फाटेल." खरं तर ते नंबर टाचणीनं लावले होते.

आम्ही सायकली बॅरिकेडच्या अलीकडं ओळीनं उभ्या केल्या. पलीकडं रस्ता. झाडून काढलेला, दोन्ही कडांना चुन्याची नवी फक्की मारलेली, एक गाडी नाही, एक माणूस नाही. इतका मोकळा रस्ता मी आयुष्यात बघितला नव्हता. ऊन त्याच्यावर आरामात पाय पसरून बसलं होतं.

बॅरिकेडपाशी आई. कडक इस्त्री, हातात वॉकीटॉकी. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मीही बघितलं नाही, फक्त ती माझ्याकडं बघत नाहीये ना, हे तपासण्यापुरतं बघितलं.

ताफा येईना. पाकळ्या पिशवीतच मलूल झाल्या. पाचवीतला एक मुलगा पाकळ्या खात होता. मग तालमीच्या बोळातनं एक तपकिरी कुत्रं आलं, बॅरिकेडखालून शिरलं आणि शेपूट वर करून रस्त्याच्या बरोब्बर मधनं चालायला लागलं.

"आले, आले!" शिफा ओरडली, आणि एकदम सगळ्या शाळेनं त्या कुत्र्यावर फुलं उधळली. मास्तर धावले. कुत्र्यानं मान वळवून आमच्याकडं बघितलं आणि मंत्र्यासारखंच पुढं निघून गेलं.

मला हसू आलं नाही. कुत्र्याला चालतं आणि मला नाही.

मग बापू शेंडगे फोन कानाला लावून आले. गळ्यात उपरणं, हातात भला मोठा हार. "गेले," ते म्हणाले. "अजून न उघडलेल्या नव्या बायपासनं परस्पर गेले कारखान्यावर. उद्घाटनाचा नारळसुद्धा फोडला." आणि त्या हाराचं काय करावं ते न कळून तो त्यांनी शेजारच्या पोराच्या हातात दिला.

लोक हलायला लागले. मास्तरांनी पोरांना रांगेत शाळेकडं वळवलं. पण रस्ता तसाच बंद. शेताकडनं ऊस भरून निघालेले दोन ट्रॅक्टर तोवर चौकापर्यंत आले होते आणि बॅरिकेडपाशी धडधडत होते.

"ओ मॅडम, उघडा की! मंत्री गेलं म्हणत्यात!"

"खुला करायची ऑर्डर आलेली नाही," आई म्हणाली.

"ऑर्डर येईस्तोवर ऊस वाळंल की माझा! वजन घटतंय!"

"आलेली नाही."

मला ते बघून कसंतरी झालं. मंत्री बायपासनं निघून गेले, नारळ फुटला, फुलं कुत्र्यानं नेली, आणि माझी आई एका रिकाम्या रस्त्यावर पहारा देत उभी. तिला 'रस्ता उघड' म्हणायचंसुद्धा कुणाला आठवलं नव्हतं.

मी सायकल हातात धरून तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"मागं व्हा," आई म्हणाली. मला 'व्हा' म्हणाली.

"रस्ता कुणासाठी बंद आहे?"

"मागं व्हा, बाळ."

"मंत्र्यासाठी? ते गेले. मग आता कुणासाठी बंद आहे? सांग ना. नाव सांग, मी मागं होते."

आईनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं बघितलं. तिथं वीस निळ्या सायकली होत्या, आणि एकही मुलगी रांगेतून शाळेकडं वळली नव्हती. मग तिनं वळून तो लांबलचक रस्ता बघितला, पार कालव्याच्या पुलापर्यंत. तिच्या कपाळावर टोपीखालनं घामाची एक रेघ आली होती, ती तिनं पुसली नाही.

"ॲम्ब्युलन्स कुठून काढणार?" ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"ऐकू आलं नाही? ॲम्ब्युलन्स?"

"तालमीमागच्या बोळातनं," मी म्हटलं. "शिफा उभी राहील तिथं."

"उभी आहे का?"

शिफा आधीच पळत सुटली होती.

"मयत आली तर?"

"शर्यत थांबणार."

आईनं बॅरिकेडला हात घातला आणि ते थोडंसं सरकवलं. ट्रॅक्टर जाण्याएवढं नाही. सायकल जाण्याएवढं.

"पुलापर्यंत आणि परत," ती म्हणाली. "रेंगाळायचं नाही."

पीटीच्या बाईंनी शिट्टी तोंडात घातली, पण ती वाजायच्या आधीच अंकिता सुटली होती.

ते कसं होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मागून हॉर्न नाही. कडेला खड्डा नाही. सगळ्या सायकलींच्या चेनींचा एकच आवाज, आणि मी बरोब्बर पांढऱ्या पट्ट्यावर. कोण तरी ओरडत होतं, आणि थोड्या वेळानं कळलं की ती मीच. घरांच्या गच्च्यांवर बायका येऊन उभ्या राहिल्या. एका आजीनं सुपातले शेंगदाणे सोडून टाळ्या वाजवल्या. पुलावर ड्युटीला असलेल्या महाडिक काकांनी आमच्याकडं बघून आधी टोपी सारखी केली, मग चक्क सलाम ठोकला. मी चौथी होते. परतताना तिसरी झाले. दुसरीचं मागचं चाक माझ्या हातभर पुढं होतं.

आणि चेन पडली.

योजनेतली सायकल ती. मी उतरले, चेन बसवली, ती पुन्हा पडली. हात काळे झाले. एकेक करत सगळ्या मला मागं टाकून गेल्या. "ये गं, ये!" म्हणत गेल्या. चौकात आरडाओरडा झाला, म्हणजे अंकिता पोचली असणार. मग सगळ्याच पोचल्या, आणि रस्त्यावर मी एकटी उरले, सायकल हातात धरून.

पुढचं शिफानं सांगितलं, कारण तालमीचा बोळ चौकाला लागून आहे आणि तिचे कान सशाचे आहेत.

वॉकीटॉकीवर ऑर्डर आली होती. "सर्व पॉइंट, रस्ता खुला करा." ट्रॅक्टरवाल्यांनी गिअर टाकले. आई बॅरिकेडपुढं जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

"महाडिक काका, पुलावरचं उघडू नका," ती वॉकीटॉकीवर म्हणाली. "साहेब, चौक पॉइंटवरून कोळेकर. रस्त्यावर मिरवणूक आहे. ती संपली की खुला करते."

थोडा वेळ नुसती खरखर. मग दळवी साहेबांचा आवाज. "कसली मिरवणूक? आज कुठलीच मिरवणूक नाहीये!"

"मुलींची आहे, साहेब."

"कोळेकर, खुला करायची ऑर्डर आहे! कळतंय का मी काय म्हणतोय?"

"कळतंय, साहेब. शेवटची मुलगी यायचीय."

हे मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं: लांबवर चौक, ट्रॅक्टरांची रांग, हॉर्नचा गदारोळ, आणि त्या सगळ्याकडं पाठ करून हात पसरून उभी असलेली खाकी आकृती. शेजारी लाल-निळ्या दिव्याची जीप येऊन थांबली. त्यातून साहेब उतरले. आई हलली नाही.

बापू शेंडगे कडेला उभे होते. "अगं, पळ की!" ते ओरडले. "सगळं गाव अडकलंय तुझ्यापायी! आटप, आटप!"

आणि मी खरंच पळायला लागले. सायकल ढकलत, डोळ्यांत घाम, ओठ दाताखाली. सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत, ही भीती आम्हा मुलींच्या पायांत कुणी कधी बांधली कोण जाणे.

तेवढ्यात आईचा आवाज आला. जन्मभर चौकात उभी राहून "चला, चला, आटपा" म्हणणारी माझी आई, मिरवणुकांना ढकलणारी, नवरदेवांना दटावणारी. हॉर्नच्या वरचा आवाज.

"प्रांजल! सावकाश ये!"

मी थांबले. श्वास घेतला. कडेला गेले होते, ती परत मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर आले. आणि चालत निघाले. चालत. सायकलची पडलेली चेन रस्त्यावर खुळखुळत होती. बापूंच्या समोरून गेले तेव्हा मी घंटी वाजवली. एकदाच.

बॅरिकेडच्या फटीतून मी बाहेर आले तेव्हा आईनं माझ्या काळ्या हातांकडं बघितलं. टाचा जुळवल्या, दळवी साहेबांकडं वळली आणि कडक सलाम ठोकला.

"मिरवणूक संपली, साहेब. रस्ता खुला करते."

साहेब काहीच बोलले नाहीत. ते बोलले नंतर, लेखी. त्या उन्हाळ्यात आईला चौकातून काढून कोर्टाच्या दारावर उभं केलं, आणि तिनं कधी त्याचं नाव काढलं नाही.

पण त्या क्षणी तिनं शिट्टी तोंडाला लावली, एका हातानं बॅरिकेड ओढलं आणि दुसऱ्या हातानं ट्रॅक्टरला इशारा केला. गाण्यांचा दणका लावत पहिली ट्रॉली निघाली. आम्ही दोघी रस्त्याच्या मधोमध उभ्या होतो. ट्रॅक्टरवाल्यानं आमच्याकडं बघितलं, स्टिअरिंग फिरवलं आणि आम्हाला वळसा घालून पुढं गेला.